अपडेटनंतर यूएसबी वाय-फाय गायब: लिनक्सवरचा पुन्हा पुन्हा येणारा त्रास आणि त्याचा पक्का बंदोबस्त

लक्षण नेहमी एकच. काल रात्रीपर्यंत नेट सुरळीत चालू होतं, सकाळी मशीन चालू केलं तर वाय-फायचं चिन्हच नाही. यूएसबीला लावलेला वाय-फायचा डोंगल तोच, राउटर तोच, पासवर्ड तोच. मोबाइलवर नेट येतंय, शेजारच्या लॅपटॉपवर येतंय, या एकाच मशीनवर नाही. मग कोणी जाणकार येतो, ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा बसवून देतो, काही आठवडे बरे जातात आणि परत तेच.

पुण्याच्या नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतले डेस्कटॉप मी बघतो. जुना वाडा आहे, भिंतीला भोकं पाडून केबल ओढायला परवानगी नाही, म्हणून प्रत्येक मशीनला यूएसबी डोंगल. सगळ्यांवर लिनक्स मिंट. स्पर्धा परीक्षेची मुलं इथे अर्ज भरतात, हॉल तिकीट काढतात, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतात. अर्जाच्या शेवटच्या रात्री नेट गेलं तर एखाद्याचं वर्ष जातं. म्हणून ‘आज चालू झालं ना, मग झालं’ एवढ्यावर इथे भागत नाही. पुढच्या अपडेटनंतरही ते चालू राहिलं पाहिजे.

असं झालं की खापर फुटतं शेवटी मशीनवर बसलेल्याच्या डोक्यावर. “दादा, खरंच मी काही केलं नाही, फक्त बंद केलं,” असं एखादी मुलगी रडवेली होऊन सांगते, तेव्हा ती अगदी खरं बोलत असते. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ गाभा, अपडेटबरोबर आधीच कधीतरी बसलेला असतो, पण मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालत राहतो. ज्याने मशीन बंद केलं, त्याच्या नावावर तो बदल लागतो. तेव्हा आधी त्या पोरीला चहा द्या आणि मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

हे मुळात का होतं

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतात. कर्नल बदलला की तेही त्याच्याबरोबर नव्याने येतात. पण स्वस्त यूएसबी डोंगलमध्ये सर्रास असणाऱ्या रियलटेकच्या अनेक चिपांचे ड्रायव्हर बरीच वर्षं कर्नलमध्ये नव्हते. कंपनीने दिलेला सोर्स कोड घ्यायचा, तो आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालेल अशा रूपात बदलायचा, आणि बसवायचा, हीच रीत होती. असा ड्रायव्हर म्हणजे एकाच कर्नलच्या मापाने शिवलेला सदरा. प्रत्येक कर्नलचा ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’खाली स्वतंत्र फोल्डर असतो, हाताने बसवलेला ड्रायव्हर त्या वेळी चालू असलेल्या कर्नलच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. नवा कर्नल आपल्या फोल्डरमध्ये बघतो आणि तिथे तो नसतो.

त्यातच कर्नल बनवणाऱ्यांनी आतली रचना कायम तशीच ठेवण्याचं बंधन स्वतःवर मुद्दामच घेतलेलं नाही. आपण वापरतो त्या प्रोग्रॅमना धक्का लागू द्यायचा नाही हे ते कसोशीने पाळतात, पण आतले फंक्शन बदलत राहतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा सोर्स कोड नव्या कर्नलवर कंपाइलही होईल याची खात्री नाही. डोंगल बिघडलेला नसतो. कर्नल पुढे जातो आणि ड्रायव्हर मागे राहतो, एवढंच.

आधी खात्री, मग इलाज

दुरुस्तीसाठी नेट लागतं आणि नेटच नाही, या पेचातून सुटायला अँड्रॉइड मोबाइल पुरतो. तो डेटा केबलने जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. बहुतेक मोबाइल स्वतःचं वाय-फायही असं पुढे देतात, म्हणजे मोबाइल अभ्यासिकेच्या वाय-फायला जोडलेला असेल तर त्याचा डेटाही खर्च होत नाही. अर्जाची घाई असेल तर आधी हेच करा, मुलाला अर्ज भरू द्या, दुरुस्ती नंतर.

आता खात्री. मशीन पुन्हा सुरू करा आणि सुरुवातीलाच एस्केप दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडायचा, मेनू येईल. त्यातल्या प्रगत पर्यायांमध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. त्यावर वाय-फाय आलं, तर निदान पक्कं: कर्नल बदलल्यामुळेच झालं आहे. ही चाचणी पाच मिनिटांत होते, तरी लोक ती सोडून थेट ड्रायव्हर काढ-घाल सुरू करतात आणि आहे तेही गमावतात. आधीच्या कर्नलवरही वाय-फाय नसेल, तर डोंगल दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि दुसऱ्या मशीनवर लावून बघा.

पुन्हा नव्या कर्नलमध्ये या आणि ही कमांड द्या:

एलएसयूएसबी -टी

यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे तिला कोणता ड्रायव्हर लागला आहे, ते इथे दिसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच एक कमांड सर्वात मोलाची आहे, कारण पुढचा रस्ता इथेच फुटतो. डोंगलच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव कोरं किंवा ‘नन’ असेल, तर ड्रायव्हर नाही. ‘यूएसबी-स्टोरेज’ असेल, तर डोंगल स्वतःला सीडी म्हणवतो आहे. ड्रायव्हरचं नाव व्यवस्थित असूनही नेट नसेल, तर दुखणं पुढे कुठेतरी आहे.

मग नुसतं ‘एलएसयूएसबी’ द्या आणि डोंगलचा आयडी लिहून घ्या: चार अक्षरं, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, परत चार अक्षरं. ०बीडीए म्हणजे रियलटेक, १४८एफ म्हणजे रालिंक, ०ई८डी म्हणजे मीडियाटेक, २३५७ म्हणजे टीपी-लिंक. शोध घ्यायचा तो या आयडीचा, खोक्यावरच्या नावाचा नव्हे. एकाच नावाच्या डोंगलमध्ये कंपन्या आवृत्तीगणिक चिप बदलतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचंच बघा: आवृत्ती १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ आहे, २ आणि ३ मध्ये रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. नाव तेच, बाहेरून रूपही जवळपास तेच, लिनक्सच्या दृष्टीने मात्र दोन वेगळी यंत्रं.

ड्रायव्हर नसेल तर

इथे दोन रस्ते आहेत आणि लोक नेमका लांबचा धरतात. ड्रायव्हर कंपाइल करण्याआधी आपला कर्नल कोणता ते ‘यूनेम -आर’ देऊन बघा.

कर्नल ६.२ मध्ये, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला, आरटीडब्ल्यू८८ या आतल्याच ड्रायव्हरमध्ये यूएसबीचा आधार आला आणि आरटीएल८८१२बीयू व आरटीएल८८११सीयू या चिपा कर्नलमधूनच चालायला लागल्या. आरटीएल८८१२एयू आणि आरटीएल८८११एयू या जुन्या, पण फार खपलेल्या चिपा २०२५ च्या ६.१४ पर्यंत आत आल्या. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ सुरुवातीला ५.१५ कर्नल घेऊन आले, उबुंटू २४.०४ आणि मिंट २२ हे ६.८ घेऊन. २४.०४ च्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २४.०४.३ मध्ये, ६.१४ मिळतो. म्हणजे तुमच्या डोंगलमध्ये ‘बीयू’ चिप असेल आणि मशीन अजून मिंट २१ वर असेल, तर ड्रायव्हरशी झुंजण्यापेक्षा मिंट २२ वर या. ‘एयू’ असेल तर ६.१४ किंवा त्यापुढचा कर्नल घ्या. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या मेनूतूनच कर्नल निवडता येतो. ड्रायव्हर कर्नलच्या आत असला की पुढच्या अपडेटची धास्ती राहत नाही. पक्का इलाज हाच, बाकी सगळ्या डागडुज्या.

पण मशीन जुनं आहे, लिनक्सची आवृत्ती बदलायला वेळ नाही, परीक्षा तोंडावर आहेत, अशीही स्थिती असते. तेव्हा बाहेरचा ड्रायव्हरच घ्यावा लागतो. तो घ्या, मात्र डीकेएमएसमार्फतच बसवा. कर्नल बदलला की नोंदवलेले ड्रायव्हर आपोआप नव्याने कंपाइल करणं, हेच डीकेएमएसचं काम. ड्रायव्हरच्या सूचनांमध्ये डीकेएमएसचा उल्लेखच नसेल आणि नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ सांगितलं असेल, तर पुढच्या कर्नलला वाय-फाय जाणार हे आजच ठरलं.

डीकेएमएस असूनही दर वेळी वाय-फाय जात असेल, तर संशय हेडर्सवर घ्या. ड्रायव्हर कंपाइल करायला त्या त्या कर्नलच्या हेडर्स फाइल लागतात. ठिकठिकाणच्या सूचनांमध्ये ‘लिनक्स-हेडर्स’च्या पुढे ‘यूनेम -आर’चं उत्तर जोडून पॅकेज बसवायला सांगतात. त्याने फक्त आजच्या कर्नलचे हेडर्स येतात. उद्या नवा कर्नल आला, की त्याचे हेडर्स मशीनवर नसतात, डीकेएमएस गुपचूप मागे सरतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. त्याऐवजी नेहमी ताज्या कर्नलबरोबर चालणारं पॅकेज घ्या. उबुंटू आणि मिंटवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल डीकेएमएस लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

२४.०४ वर पुढच्या फेरीतला, म्हणजे एचडब्ल्यूई कर्नल असेल तर पॅकेजचं नाव ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’. उबुंटूवर ‘लिनक्स-जेनेरिक’ हे पॅकेज शाबूत असेल तर हेडर्स त्याच्यासोबत येतात. डेबियनवर कर्नलच्या पॅकेजबरोबर हेडर्स आपसूक येत नाहीत, म्हणून तिथे ही तक्रार जास्त दिसते.

हेडर्स आले की:

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल
डीकेएमएस स्टेटस

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात तुमच्या ड्रायव्हरपुढे नव्या कर्नलचा आकडा आणि ‘इन्स्टॉल्ड’ असं दिसायला हवं. नुसतं ‘अॅडेड’ असेल तर कंपाइल झालेलंच नाही. कंपाइल करताना चूक आली तर ‘वार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’ या क्रमाने आत जाऊन ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ‘मेक.लॉग’ वाचा. तिच्यात एखाद्या फंक्शनच्या नावाने तक्रार असेल, तर तो सोर्स कोड या कर्नलला जुना झाला. त्या ड्रायव्हरची ताजी आवृत्ती शोधा. ती नसेल, तर आधीच्या कर्नलवर राहा आणि नवा डोंगल घेण्याची तयारी करा.

ड्रायव्हर आहे, पण मशीन त्याला आत घेत नाही

थोड्या नव्या मशीनवर हे होतं. डीकेएमएस सांगतं ‘इन्स्टॉल्ड’, पण ‘सुडो मॉडप्रोब’ देऊन ड्रायव्हर चालू करायला गेलं की किल्ली नाकारल्याचा संदेश येतो. हे सिक्योर बूट. सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ‘एमओकेयुटिल --एसबी-स्टेट’ दिल्यावर ‘एनेबल्ड’ आलं, तर हीच गोष्ट.

बायोसमध्ये जाऊन सिक्योर बूट बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम होतं, पण जिथे रोज अनोळखी पेन ड्राइव्ह लागतात, तिथे मी तो पाळत नाही. उबुंटू आणि मिंटवर डीकेएमएस स्वतःच्या किल्लीने सही करतं. ती किल्ली एकदाच मशीनला ओळखीची करून द्यायची असते:

सुडो अपडेट-सिक्योरबूट-पॉलिसी --एनरोल-की

पासवर्ड विचारेल तो सोपा ठेवा, तो एकदाच लागतो. मशीन पुन्हा सुरू केलं की निळा पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून या वेळी पडद्यासमोरून उठू नका. ‘एनरोल एमओके’ निवडा, पुढे जा, पासवर्ड द्या. यापुढचे ड्रायव्हर त्याच किल्लीने सही होतात, दर कर्नलला हे करावं लागत नाही.

नवा कर्नल आला आणि चालणारं वाय-फाय अडखळू लागलं

पूर्वी बाहेरून बसवलेला ड्रायव्हर आणि आता कर्नलमध्येच आलेला ड्रायव्हर, दोघेही एकाच डोंगलवर हक्क सांगतात. जो आधी पोहोचतो तो डोंगल धरतो. कधी चालतं, कधी नाही, आणि माणूस हैराण होतो. कर्नल ६.१४ ला आल्यावर ‘एयू’वाल्यांच्या वाट्याला हे येतं. कर्नलमधला ठेवा, बाहेरचा काढा. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये दिसेल ते नाव आणि आवृत्ती मध्ये तिरकी रेघ देऊन लिहा:

सुडो डीकेएमएस रिमूव्ह नाव/आवृत्ती --ऑल

एवढ्याने बऱ्याचदा भागत नाही. बाहेरचा ड्रायव्हर बसवताना कर्नलमधल्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलेलं असतं आणि ती फाइल मागेच राहते. मग बाहेरचा गेला, आतला येत नाही, आणि दोन्हीकडून ठणठणाट. ‘इटीसी’मधलं ‘मॉडप्रोब.डी’ हे फोल्डर उघडा आणि ‘ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८’ अशा सुरुवातीची ओळ असेल तर ती काढा. ही एक ओळ माणसाला दिवसभर फिरवू शकते.

फर्मवेअरचंही, म्हणजे चिपच्या आत चढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचंही, याच वेळी बघून घ्या. ‘सुडो डीएमईएसजी’च्या उत्तरात फर्मवेअर फाइल उघडताना उणे २ ही चूक दिसली, तर तिचा अर्थ फाइलच नाही. उबुंटू-मिंटवर ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा. डेबियन १२ पासून फर्मवेअरचा वेगळा विभाग आहे, त्यातून ‘फर्मवेअर-रियलटेक’ घ्या.

डोंगल स्वतःला सीडी म्हणवतो

काही डोंगलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर आतच साठवलेला असतो. लावल्याबरोबर तो सीडी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो, म्हणजे विंडोजवाल्याला वेगळी सीडी लागत नाही. लिनक्सवर मात्र तो तिथेच अडकतो. रियलटेकच्या चिपांचा या अवस्थेतला आयडी बहुधा ०बीडीए:१ए२बी. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसवा. नव्या आवृत्तीत बऱ्याच डोंगलची नोंद असते आणि काम आपोआप होतं. झालं नाही तर:

सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी

इथला ‘के’ मोठ्या लिपीतला. सीडी बाहेर काढल्याचा संदेश डोंगलला जातो, तो क्षणभर गायब होतो आणि नव्या आयडीने वाय-फाय म्हणून परत येतो. वीज गेली किंवा डोंगल काढून लावला की पुन्हा सीडी, म्हणून ही कमांड यूडेव्हच्या (डोंगल लागताच ठरलेलं काम करणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) नियमात घालून ठेवा, नाहीतर रोज सकाळी द्यावी लागेल.

जोडलं जातं, पण तुटतं

हे वेगळं दुखणं, पण त्याच डोंगलांना होतं. पहिला संशय वीज बचतीवर. ‘इटीसी’, ‘नेटवर्कमॅनेजर’ (यातले एन आणि एम मोठे), ‘कॉन्फ.डी’ या मार्गाने जाऊन ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ या फाइलमधला ३ काढून २ करा आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

दुसरा संशय पोर्टवर. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता. निळ्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क आणि तिला खेटून छोटा डोंगल, अशी मांडणी असेल तर वाय-फाय मरतुकडं होतं. डोंगल हातभर एक्स्टेन्शन केबलवर लांब टांगा. वाड्यांच्या जाड भिंतींमध्ये याने पडणारा फरक मी स्वतः पाहिला आहे. जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. पेठांमध्ये घराला घर लागून राउटर आहेत, २.४ चा पट्टा तुंबलेला असतो. ‘डीएमईएसजी’मध्ये उणे ७१ किंवा उणे ११० वारंवार दिसत असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. पोर्ट, केबल किंवा वीज यांपैकी काहीतरी कमी पडतंय. स्वस्त हब काढा आणि डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये लावा.

नवा घ्यायचा असेल तर

दहा जणांनी वापरायच्या मशीनला बाहेरच्या ड्रायव्हरवर चालणारा डोंगल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्या मशीनवर तुम्ही स्वतः असता. अभ्यासिकेत रात्री अकराला कोणी नसतं. कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेल्या चिपा मागा. मीडियाटेकची एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून आत आहेत, दोन्हींना ५ गिगाहर्ट्झ मिळतं. वाय-फाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू, ५.१८ पासून. फक्त २.४ वर भागत असेल तर एमटी७६०१यू ही ४.२ पासून चालते.

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारलंत तर दुकानदार खोक्यावरचा वेग सांगेल, चिप त्याला बहुधा माहीत नसते, आणि तसं असण्यात त्याचा दोष नाही. लॅपटॉपवर लाइव्ह लिनक्सचा, म्हणजे न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सचा, पेन ड्राइव्ह चालू करून सोबत न्या, काउंटरवरच डोंगल लावायची परवानगी मागा आणि ‘एलएसयूएसबी -टी’ बघा. ड्रायव्हरचं नाव आलं तर पैसे द्या. ऑनलाइन घेताना आवृत्तीचा आकडा विचारून घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासा.

आणि ज्यांना जुन्या डोंगलवरच दिवस काढायचे आहेत, त्यांच्यासाठी: अपडेट बसल्यावर, मशीन पुन्हा सुरू करण्याआधी, ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसेपर्यंत मशीन बंद करू नका. त्या क्षणी जुना कर्नल चालू असतो, नेट असतं, हेडर्स उतरवता येतात. आणि अर्जाची मुदत ज्या आठवड्यात संपते, त्या आठवड्यात मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कर्नलच्या ओळीवरची खूण काढून ठेवा. तो अपडेट मुदत संपल्यावर घ्या.